बारा एक्स झूम आणि निळी ताडपत्री

५ नोव्हेंबर २००६, रविवार

कॅमेरा आला. धाकटा भाऊ धम्मदीप पुण्याहून स्वतः घेऊन आला. सहा मेगापिक्सल, बारा एक्स झूम, मॅन्युअल मोड. खिशात मावणारं खेळणं नव्हे. डब्यावर लिहिलंय की हा 'एन्थुझिअस्ट' लोकांसाठी आहे. म्हणजे हौशीच्या बराच वर आणि प्रोफेशनलच्या किंचित खाली. किंचितच.

मागची भिंत पावसात बसली, तिच्यासाठी ठेवलेले पैसे यात गेले. साधनाला समजावलं की भिंत ही शेवटी भिंतच असते, कॅमेरा हे उत्पन्नाचं साधन आहे. ती ताडपत्रीसाठी दोरी शोधायला गेली. म्हणजे पटलं. भिंतीच्या जागी तूर्तास निळी ताडपत्री.

बाबांनी कॅमेरा हातात घेऊन तोलून पाहिला. "याच्यात बोलता येते काय?" नाही म्हटलं. "मंग गाने?" नाही. "मंग याले भिंतीच्या भावात काहून घेतला?" जुन्या पिढीला मॅन्युअल मोड समजावणं अवघड आहे.

संकल्प: मार्चच्या आत एक तरी फोटो मोठ्या पेपरात. खाली नाव: संघदीप उकंडा वानखडे.

८ नोव्हेंबर

मॅन्युअल वाचून काढलं. जपानी पान चुकून दोनदा पाहिलं.

पकड: डावा हात लेन्सच्या खाली, कोपर बरगडीला. श्वास रोखायचा. बटण अर्धं दाबायचं, हिरवा ठिपका आला की पूर्ण. पूर्ण दाबल्यावर फोटो अर्ध्या-पाऊण सेकंदानं निघतो. म्हणजे माणूस हसल्यावर नाही, हसायच्या जरा आधी दाबावं लागतं. आमच्या गावात कोण कधी हसेल याचा अंदाज बांधणं सोपं नाही. सरावानं जमेल.

दिवसभर सराव केला. मांजराचे एकेचाळीस फोटो. चाळीसमध्ये फक्त शेपूट आहे.

चार पेन्सिल सेल लागतात. नवे घातलेले संध्याकाळी संपले. चार्जिंगचे आणावे, पण लाइट रात्री येते आणि पहाटे जाते, त्यातही मधे जाते.

१३ नोव्हेंबर

तालुक्याला, दारव्ह्याला जीपनं गेलो. सायबर कॅफेत बसून परदेशी कॅमेरा फोरमवर इंग्रजीत लेख टाकला: मध्य भारतातील एका मालकाचे अनुभव. पकड, धूळ आणि कापसाच्या तंतूंपासून लेन्स कशी वाचवावी, यावर सविस्तर. अशी माहिती जगात दुसरीकडे कुठेच नसणार. सोबत शेपटीचा फोटो.

शाळेला दांडी पडली. हरकत नाही. शाळा विनाअनुदानित आहे, मी आठ वर्षं बिनपगारी शिकवतो, त्यामुळे दांडीचा पगार कापता येत नाही. संस्थेचे अध्यक्ष बापूजी म्हणतात, यंदा अनुदान नक्की. घर सध्या साधनाच्या अंगणवाडीच्या मानधनावर चालतं. सध्या.

१९ नोव्हेंबर, रविवार

शेतात वेचणीचा फोटो काढायला गेलो. विषय मी ठरवूनच ठेवला होता: म्हातारे हात, पांढरा कापूस. रुखमाबाई शेजारी राहते, हात योग्य आहेत.

पण तिचा वेग फार. हिरवा ठिपका येईपर्यंत बोंड रिकामं. म्हटलं, मावशी, जरा सावकाश. मग म्हटलं, एवढा कापूस परत बोंडात ठेव, पुन्हा काढ.

तिनं कंबर सरळ केली. "बापू, मी किलोवर येचतो. फोटोवर नाई येचत."

कलेविषयीची अनास्था. तरी तिनं एकदा ठेवला परत. पाहिलं तर मधे तिचा ओटीचा पदर फोकसमध्ये, हात धूसर.

आणखी एक तांत्रिक अडचण. या कॅमेऱ्यात पांढरा कापूस राखाडी येतो. पूर्ण शेत फ्रेममध्ये घेतलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, तो आपणहून अंधार करतो. घरी बाबांना दाखवलं. म्हणाले, "खरेदी केंद्रावरचा ग्रेडर बी पांढऱ्या कापसाले असाच मळका म्हनते. त्याच्या डोळ्यात हाच कॅमेरा असंल."

उपाय मॅन्युअलमध्ये आहे. उजेड प्लस करायचा.

२७ नोव्हेंबर

उत्पन्नाला सुरुवात. दहावीच्या मुलांना बोर्डासाठी पासपोर्ट फोटो लागतात. हेडमास्तरांना म्हटलं, दारव्ह्याला कायले जायचं, मी काढतो. पट चौतीस, हजर नऊ. बाकीचे वेचणीला. तरी नऊ.

घरीच बोलावले. निळी ताडपत्री उत्तम बॅकग्राउंड. साधनाला दाखवलं: पाह्य, भिंत असती तर हे जमलं असतं काय? ती म्हणाली, "भिंत असती त रात्री थंडी वाजली नसती." विषय भरकटवण्याची सवय.

३० नोव्हेंबर

दारव्ह्याला अमरच्या स्टुडिओत प्रिंट काढल्या. अमर माझा जुना विद्यार्थी. त्यानं प्रिंट पाहिल्या, मग मला पाहिलं.

ताडपत्रीतून ऊन गाळून आल्यामुळे नऊही मुलं निळी. एक तर जांभळ्याकडे झुकलेला. अमर म्हणाला, "सर, व्हाइट बॅलन्स." म्हटलं, माहीत आहे. (माहीत नव्हतं. पान ६२: उजेडाप्रमाणे रंग जुळवणे.)

हेडमास्तर म्हणाले, बोर्डाला वाटंल पोरं पाण्यात पडली होती. नऊ जण पुन्हा जीपनं दारव्ह्याला जाऊन अमरकडून फोटो काढून आले. त्यांचा एक दिवस गेला. जांभळा दिसणाऱ्या मुलाची आई अंगणवाडीत साधनाला काहीतरी बोलली. काय, ते साधनानं सांगितलं नाही. जेवताना फक्त म्हणाली, आता लोकांच्या पोरांचे फोटो काढू नका.

बरोबर आहे. पासपोर्ट हा माझा प्रांत नाही. मी डॉक्युमेंटरीचा माणूस.

६ डिसेंबर, बुधवार

विहारात अभिवादन. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या. समितीनं फोटोची जबाबदारी माझ्यावर टाकली, म्हणजे मी मागून घेतली.

कापसाचा धडा लक्षात ठेवून भरपूर प्लस केलं.

रात्री पाहिलं. मेणबत्त्या आहेत. पांढऱ्या कपड्यांच्या जागी उजेड आहे. माणसं म्हणजे उजेडात तरंगणारी डोकी. समितीला सांगितलं की वेगळा इफेक्ट आहे. समिती म्हणाली, पुढच्या वर्षी अमरला सांगू.

१८ डिसेंबर

फोरमवर उत्तर आलं. कॅनडाहून. दोन शब्द: छान मांजर.

जगाशी संपर्क झाला हे महत्त्वाचं.

मुंबईच्या तीन पेपरांना फोटो पाठवले होते. उत्तर नाही. मोठ्या ठिकाणी वेळ लागतो. बापूजी म्हणाले, अनुदानाची फाइलही मुंबईतच आहे.

९ जानेवारी २००७

संधी!! दिल्लीच्या इंग्रजी मासिकाचा फोटोग्राफर यवतमाळात उतरला आहे. सध्या आपल्या जिल्ह्यात महिन्याला चार-पाच असे येतात. कापूस, आत्महत्या, सरकारी पॅकेज. त्याला दारव्ह्याकडे फिरवायला वाटाड्या हवा होता, अमरनं माझं नाव सांगितलं. आभार मानले नाहीत, अमरनं कर्तव्यच केलं.

योजना: त्याच्यासोबत राहून त्याच्या आधी फोटो काढायचा. भूमीची जाण मला, झूम बारा एक्स. त्याचा झूम तीन एक्ससुद्धा नाही, मी विचारलं. उद्या शर्ट इस्त्रीचा घालणार होतो, पण साधना अंगणवाडीच्या बैठकीला गेली होती. रोजचाच घालीन. दाढी राहिली.

१० जानेवारी

सकाळपासून त्याच्यासोबत कापूस खरेदी केंद्रावर. गेटपासून रस्त्यापर्यंत बैलगाड्या. काही लोक तीन दिवसांपासून गाडीवरच झोपतात. उत्तम विषय.

अडचण अशी की त्याला पाहिजे होता दुःखी शेतकरी. आणि कॅमेरा पाहिला की आपले लोक टोपी नीट करतात, रांगेत उभे राहतात आणि हसतात. एकानं तर बैलाचं तोंड पुसलं. दिल्लीवाला मला म्हणाला, इनको बोलिए, नॉर्मल रहें. मी सांगितलं. देवराव नावाचा एक म्हातारा गाडीवरून म्हणाला, "तीन दिवसांत कोनं इचारलं नाई आमाले. आता इचारून राह्यले त हासू बी नोको काय?"

मी मात्र सुरुवातीपासून तयारीत. झूम पूर्ण ताणून, श्वास रोखून. तेवढ्यात गेटवर गलका झाला. वजनकाटा बंद, आज माप होणार नाही. देवराव गाडीवरून उतरला, गेटपर्यंत गेला, परत आला आणि बैलाच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. नुसता उभा. मागून ऊन. डाव्या बाजूला धूळ. माझ्यापासून दहा हातांवर. हाच तो फोटो. आयुष्यभराचा.

बटण अर्धं दाबलं. हिरवा ठिपका आला. पूर्ण दाबलं. लेन्स घर्र करून आत गेली. सेल संपले.

दुसरे सेल खिशात होते. तेही संपलेले. चार्जरला लावले होते, पण काल लाइटच आली नव्हती.

देवराव तोवर गाडीवर चढून पांघरूण घेऊन झोपला.

मी एका रिकाम्या गाडीच्या जुवावर थोडा वेळ बसलो. कॅमेरा पायाशी पिशवीत ठेवला. दिल्लीवाला समोर कुठेतरी क्लिक क्लिक करत होता. तो ज्या दिशेला वळला होता, तिकडे काहीच नव्हतं. फक्त मी. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, थँक यू, मेरा काम हो गया. प्रोफेशनल लोकांचं काही कळत नाही.

१७ फेब्रुवारी

अमरचा फोन शाळेत आला. सर, तुमचा फोटो आला दिल्लीच्या मासिकात!

पुढचा तास सोडून जीप पकडली. रस्त्यात विचार केला, कोणता असेल? मुंबईवाल्यांनी दिल्लीला पाठवला असेल. रुखमाबाईचे हात? विहार?

माझा म्हणजे माझाच. पूर्ण पान. जुवावर बसलोय, हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं. खाली ओळ: आपला कापूस कधी मोजला जाईल याची वाट पाहणारा एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा.

आमच्या घराण्यात कोणाच्या नावावर शेत सोडा, बांधाचा एक धुरा नाही.

अमर म्हणाला, "सर, फोटो मात्र जबरदस्त." म्हटलं, हो. नाइलाज होता. फोकस नेमका डोळ्यांवर आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

मासिकातलं पान हेडमास्तरांनी नोटीस बोर्डावर लावलं.

आज नागपूरहून शेतकरी आत्महत्या रोखणाऱ्या एका संस्थेचे दोघं जण पत्ता काढत आले. फार हळू आवाजात बोलत होते. मला खाटेवर बसवलं आणि विचारलं, झोप लागते काय, जेवण जाते काय, मनात वाईट विचार येतात काय. म्हटलं, मी शेतकरी नाही, शिक्षक आहे, फोटोग्राफर आहे. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "मान्य करणं कठीणच असते, दादा." मग विचारलं, पगार किती? मी सांगितलं. मग आणखीच हळू बोलायला लागले.

ब्लँकेट देऊ लागले. मी नको म्हटलं. बाबांनी घेतलं. ताडपत्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "घेऊ दे रे. थंडी शेतकऱ्यालेच वाजते काय?"

४ मार्च, रविवार. सकाळी

अनुदानाच्या यादीत यंदाही शाळा नाही. बापूजी म्हणाले, पुढच्या वर्षी.

एक गोष्ट सिद्ध करायची ठरवली. त्या फोटोत दोष क्षणाचा आहे. बॅटरी संपलेला कोणताही माणूस तसाच दिसेल. आज इस्त्रीचा शर्ट, दाढी, भरलेले सेल, ऊन डावीकडून. व्हाइट बॅलन्स बरोबर. कॅमेरा टोपलं पालथं घालून त्यावर ठेवला आणि सेल्फ टायमर लावला. दहा सेकंदांचा आहे. पळत जाऊन उभा राहिलो, हसलो.

पाहिलं. पुन्हा लावला. मग पुन्हा. बरेच काढले. हसू लावतो तेव्हा ते असतं, पण दहा सेकंद टिकत नाही. फोटो निघेपर्यंत जातं.

साधना तांदूळ निवडत होती. तिला स्क्रीनवर एकेक दाखवले आणि विचारलं, खरं सांग, मी खरंच त्या मासिकातल्यासारखा दिसतो काय?

तिनं नीट पाहिले सगळे. सूप खाली ठेवून पाहिले.

"वर्षं झाली तुमी असेच दिसता," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमाले ठाऊक हाय."

मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

फोटो डिलीट केले. एक ठेवला. तो शार्प आहे.