तेलाचा माग

प्रिय मिस्त्रीणबाई,

या नावाने तुला हाक मारून वर्ष होत आलं. कागदाच्या कोपऱ्यावर काळा अंगठा उठलाय, तो मुद्दाम तसाच ठेवतो, कारण पत्राचा विषयच तो आहे. तर ऐक. आपल्या पावाच्या गाडीचं ऑइल गळायचं थांबलं. कमी झालं नव्हे, थांबलं. चार दिवस रोज गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवतोय आणि चारही दिवस तो कोराच निघाला. तुझी मामी म्हणते, लोक सकाळी उठून आरशात बघतात, तुम्ही पुठ्ठ्यात बघता. बघू दे म्हणावं. कुठून गळत होतं तेही सापडलंय, आणि ते ऐकायचा पहिला मान तुझा होता, पण मी पोटात ठेवू शकलो नाही. ते पुढे सांगतो.

गेल्या वर्षीचा तो दिवस तू विसरली नसशील. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग तू एकटीने बदललंस. जुनं पॅकिंग नखाने खरवडून काढलंस, बोल्ट आधी हाताने लावलेस, मग मधून सुरुवात करून समोरासमोर, थोडे थोडे आवळत कडेला गेलीस. मी स्टुलावर बसून चहा पीत बघत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढं शिकायला मला दहा वर्षं आणि तीन मोडलेले बोल्ट लागले. ते तोंडाने म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. आठवड्याने गाडीखाली थारोळं दिसलं तेव्हा मात्र तोंड लगेच चाललं. कोपऱ्यावरच्या गॅरेजात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, हिच्या हाताचं पॅकिंग आहे, गळणारच. सगळे हसले. तू हात पुसलेस, पाने आकाराप्रमाणे ओळीने लावून ठेवलेस आणि निघून गेलीस. त्यानंतर तू येतेस ती मामीला भेटायला. माझ्याशी बोलतेस ते हवापाण्याचं.

मी वर्षभर नुसतं ऑइल ओतत राहिलो. खालच्या टाकीचे बोल्ट आवळून झाले. गॅरेजवाला म्हणाला, मागचं सील गेलं असेल, इंजिन उतरवावं लागेल, त्यापेक्षा भंगारात घाला. तुझं झाकण उघडून बघायला मात्र माझा हात धजला नाही. दोष द्यायला एक जागा तयार होती, ती तपासून कशाला बघायची, असंच काहीतरी मनात असणार.

गेल्या सोमवारी ठरवलं, आता अंदाज पुरे. तेल पडतं कुठे ते सगळे बघतात; ते निघतं कुठून ते बघायचं तर इंजिन आधी स्वच्छ हवं. दिवसभर ब्रशने घासलं. इतक्या वर्षांची चिकट पुटं निघाली आणि खालून मूळचा रंग वर आला. हिरवा आहे गं तो, मला पत्ताच नव्हता. मग कोरड्या इंजिनावर बारीक पूड मारायची, म्हणजे तेल जिथून निघेल तिथून ओला पट्टा उमटतो. पूड म्हणून मी आपल्या बेकरीतला मैदा घेतला. हसू नकोस. दहा मिनिटांत बॉनेटमधून बिस्किटांचा वास आणि पाठोपाठ करपल्याचा धूर. मामी दारातूनच म्हणाली, भट्टी आत आहे हो, बाहेर कशाला लावलीत? पुन्हा सगळं घासलं आणि या खेपेला तिचाच पावडरचा डबा पळवला. इंजिन असं गोरंगोमटं झालं, जणू लग्नाला निघालंय. गाडी दोन गल्ल्या फिरवून आणली आणि मामीचा हातआरसा घेऊन वाकलो.

आधी तुझं झाकण बघितलं. चारही बाजूंनी पावडर जशीच्या तशी, कोरडी, पांढरी. आरसा पुसून पुन्हा बघितलं. कोरडी. मग नजर शेजारी गेली. ऑइल मोजायची पट्टी ज्या नळीत असते, त्या नळीच्या तोंडातून एक काळा ओघळ निघाला होता, आणि आपण सगळे जिथे बोट दाखवत होतो बरोब्बर तिथे उतरत होता. पट्टी बोटभर वर आली होती. अगं, ती रोजच वर आलेली असायची. रोज सकाळी मी ती अंगठ्याने दाबायचो आणि फेरीला निघायचो. तिला वर कोण ढकलतंय, हा प्रश्न वर्षभरात एकदाही डोक्यात आला नाही.

आतला दाब ढकलत होता. इंजिनालाही श्वास सोडावा लागतो, त्यासाठी वर एक रबरी नळी असते. ती काढून फुंकली. गाल फुगले, पण हवा जाईना. तार घालून ओढलं तर एक बोळा बाहेर आला, काळा कुळकुळीत. साबणाने धुतला तशा निळ्या चौकड्या दिसल्या. मामीच्या जुन्या ॲप्रनच्या. तेव्हा लख्ख आठवलं. तू पॅकिंग बसवून घरी गेलीस आणि मी, तुझं काम उठून दिसावं म्हणून, पाणी मारून इंजिन धुतलं होतं. नळीत पाणी जाऊ नये म्हणून बोळा कोंबला आणि काढायचा विसरलो. गळती माझ्या हाताची होती, पोरी.

बोळा काढला, नळी साफ करून बसवली, पट्टी दाबली. ती अजून जागेवर आहे. बाकी कशाला पाना लावला नाही. पॅकिंग तुझंच आहे. काल गॅरेजात गेलो. चारच्या जागी सहा गिऱ्हाइकं होती, बरंच झालं. बोळा टेबलावर ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. पोट धरून हसले, या वेळी मला. गॅरेजवाला म्हणाला, मग त्या पोरीला पाठवा की माझ्याकडे. मी म्हटलं, तिला काही सांगायचं तर आधी मला तिच्याशी बोलायच्या लायकीचं व्हावं लागेल.

आता खरं सांगतो. मी इंजिन घासायला घेतलं ते ऑइलसाठी नव्हे. आदल्या दिवशी ताईचा, तुझ्या आईचा, फोन आला होता. म्हणाली, वाहन दुरुस्तीच्या शाळेचा अर्ज तुझ्या भाचीने आणला, भरला आणि उशीखाली ठेवून दिलाय. अनुभवाच्या रकान्यात लिहिलंय, ‘नाही’. तुझं चुकलं होतं की नाही हे मला धड माहीत नव्हतं, आणि तुझी मात्र खात्री पटली होती, माझ्या एका वाक्याने. म्हणून शोधायला निघालो. तुझंच पॅकिंग गळत निघालं असतं, तर तुला बोलावून, शेजारी बसून, तुझ्याच हाताने पुन्हा बसवून घेणार होतो. सोबत तो धुतलेला बोळा आहे आणि माझ्या सहीचं, तुझ्या अनुभवाचं पत्र आहे. अर्जाची मुदत येत्या शुक्रवारपर्यंत आहे म्हणे. ते ‘नाही’ खोड आणि लिही, सात वर्षं, पावाच्या गाडीवर, मामाबरोबर. शाळेतून कुणी खातरजमा करायला आलं तर पुठ्ठा दाखवीन.

तुझाच,
वर्षभर पट्टी दाबत बसलेला मामा