परबांचा पिनाफोर

१२ फेब्रु., गुरुवार

ओवी जेवली नाही. आधी म्हणे पोट दुखतंय, मग म्हणे डोकं. ताट तसंच राहिलं. शेवटी सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून.

आज शाळेत गणवेश-तपासणी होती. वर्गशिक्षिकेबरोबर पालक-शिक्षक संघाची सेक्रेटरी आलेली. म्हणजे वृषाली. बारावीला माझ्या बाकावर बसायची ती. अकाउंट्सची वही माझी, मार्क तिला जास्त. ओवीच्या पिनाफोरचा रंग तिला जरा फिका वाटला. सगळ्या वर्गासमोर तिने गळा उलटला आणि आतली पट्टी मोठ्याने वाचली. ‘अनघा परब, सातवी.’ मग म्हणाली, “तू परब आहेस का गं?”

पोरं हसली. घरी येताना रिक्षातली मुलंसुद्धा ‘ए परब’ म्हणत होती.

पिनाफोर खालच्या मजल्यावरच्या परब काकूंनी दिलेला. त्यांची अनघा आता कॉलेजात आहे. मी दुमड सोडून लांबी वाढवली, बटणं बदलली. पट्टी उसवायची राहिली. सुंदर अक्षर होतं काकूंचं, म्हणून बहुतेक हात लागला नाही.

१३ फेब्रु.

हाफ डे टाकून शाळेत गेले. बाई म्हणाल्या, नियम आहे, गणवेश ठरलेल्या दुकानातूनच. दुकान स्टेशन रोडवर. मालक वृ.चा सख्खा भाऊ. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

वृ. कॉरिडॉरमध्येच भेटली. गळ्यात पडली माझ्या. “अगं, मनाला लावून घेऊ नकोस हं. मुलांना स्वतःचं वापरायची सवय लागायला पाहिजे ना.” मग आवाज खाली आणून, “आणि परवडत नसेल तर मोकळेपणी सांग. गरीब विद्यार्थी निधी आहे आपला.”

मी हसले. थँक यू म्हटलं.

परवडण्याचा प्रश्न नाही. निलेशचं साकीनाक्याला बरं चाललंय, माझी अंधेरीची नोकरी आहे. पण चांगला कपडा टाकून, सहा महिन्यांत आखूड होणारा दुसरा कशाला घ्यायचा? माझ्या आईने तिघी बहिणींना एकाच फ्रॉकात वाढवलं. कोणी निधी देऊ केला नाही.

त्या दुकानात शुकशुकाट झालेला मला बघायचाय. बाकी काही नको.

१५ फेब्रु., रविवार

परब काकूंना सांगावं की नको असं चाललं होतं. ओवीनेच सांगून टाकलं. काकू मासे साफ करत होत्या. सुरी तशीच हातात.

“माझ्या चेडवाच्या नावार हसली? तिका मी सोडूचंय नाय.”

मग दोघी बसलो चहा घेऊन. काकूंच्या माळ्यावर अनघाचे अजून तीन पिनाफोर, पीटीचे दोन ड्रेस. प्रत्येक घरात असंच पडून असणार. फरशी पुसायला जातात शेवटी.

सगळं एकत्र आणलं तर? एकदाच, एका हॉलमध्ये, निकालाच्या आधी?

काकू म्हणाल्या, बटणां मी लावतंय.

३ मार्च

ग्रुप काढला. पहिले चार दिवस कोणी हूं की चूं नाही. सगळ्यांच्या मुली चुलत, मावस बहिणींचे कपडे वापरतात. वापरतात सगळ्या, कबूल कोणी करत नाही.

काल ग्रुपचं नाव बदललं. ‘पर्यावरणस्नेही गणवेश’ केलं. संध्याकाळपर्यंत वीस-बावीस जणी आल्या. पर्यावरण म्हटलं की लाज वाटत नाही. टॉवरवाल्या सगळ्यांत पुढे.

माझ्या डोक्यात पर्यावरण बिर्यावरण काही नाही. माझ्या डोक्यात ते दुकान आहे. हे फक्त इथे लिहिते.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि दुपारपासून काकूंकडे. पिशव्याच पिशव्या. शाईचे डाग, उसवलेले खिसे, एका खिशात अर्धी चिक्की. अनघा कॉलेजातून मैत्रीण घेऊन आली, दोघी इस्त्रीला बसल्या.

नि. दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “सुजू, एवढी मेहनत त्या बाईसाठी?” मी म्हटलं, तिच्यासाठी नाही, मुलांसाठी. तो हसला. मला ओळखतो तो.

नावाच्या पट्ट्या उसवायच्या नाहीत असं मी ठरवलं. जुनं नाव राहू दे, खाली नवीन मुलीचं लिहायचं. काहींनी नाक मुरडलं. मी ठाम. वाच म्हणावं आता किती वाचायची ती.

११ एप्रिल, शनिवार

झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळपासून रांग. एका बाजूला द्यायचं, दुसऱ्या बाजूला आपल्या मापाचं घ्यायचं. पैशाचं नावच नाही. गॉगल लावून आलेल्या एक मॅडम म्हणाल्या, “मी फक्त द्यायला आलेय हं.” जाताना दोन घेऊन गेल्या.

मुलींनी वेगळंच काढलं. कोणाच्या पिनाफोरवर जास्त नावं त्याची स्पर्धा. एकीला तीन नावांचा मिळाला, तर ती नाचत होती. ओवी काकूंशेजारी बसून पट्ट्यांवर नावं लिहीत होती. कोणीतरी तिला “ए परब” म्हणून हाक मारली. तिने मान वर करून “बोल” म्हटलं. नेहमीचं नावच असावं तसं.

दुपारी समोरच्या फुटपाथवर वृ.चा भाऊ. दुकान सोडून आलेला. पानवाल्याशी बोलल्यासारखं करत आमच्याकडे बघत होता. मी मुद्दाम दारात येऊन उभी राहिले. नजर काढली नाही. तोच गेला.

इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१८ एप्रिल

ओवीला घेऊन स्टेशन रोडला कुल्फी खायला गेले. कुल्फीवाला बरोब्बर दुकानासमोर. एरवी निकालाआधीपासून तिथे पाय ठेवायला जागा नसते. आज दोन पोरं काउंटरवर मोबाइल बघत बसलेली.

ओवी म्हणाली, “आई, कुल्फी वितळतेय तुझी.”

मग कळलं.

नि. म्हणतो, आता झालं ना समाधान. नाही झालं. तिने येऊन म्हणायला हवं. काय म्हणायला हवं ते नक्की नाही ठरलेलं. पण म्हणायला हवं.

२४ एप्रिल, शुक्रवार

वाट लागली.

निकालाबरोबर नोटीस. जूनपासून गणवेश बदलला. निळे चेक्स बंद. मरून पिनाफोर, क्रीम शर्ट, नवा बिल्ला. पीटीचा ड्रेससुद्धा. ‘पालक-शिक्षक संघाच्या सूचनेवरून.’ कुठल्या दुकानात मिळेल तेही खाली छापलंय.

म्हणजे आमचं सगळं, धुतलेलं, शिवलेलं, इस्त्री केलेलं, आजपासून पोतेरं.

फोन थांबत नाहीत. आधी सगळ्या शाळेला शिव्या देत होत्या. मग चौथीतल्या आरोहीची आई बोलली. रडत नव्हती, सरळ आवाजात बोलली. “ताई, माझ्या दोघी मुली. तुमचं ऐकून मी जुने घेतले, खूश होते. तुम्ही त्या बाईला डिवचलं नसतं तर हे बदललं असतं का?”

फोन ठेवला आणि बाकीचे उचलले नाहीत.

२५ एप्रिल

वृ.चा मेसेज. ‘अगं, बदलायचा विचार तर कधीपासून चालू होता. तू पर्सनली घेऊ नकोस प्लीज.’ खाली हात जोडलेले.

चार वेळा टाइप केलं, चार वेळा पुसलं.

काकू म्हणाल्या, भांडान काय होवचा नाय, डोक्यान कर. त्यांनी कालपासून एकही बटण सोडलेलं नाही. लावतच आहेत. “उपयोग नाही काकू आता,” म्हटलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं.

३ मे, रविवार

हॉलमध्ये मीटिंग. मला वाटलं पाचजणी येतील. खुर्च्या कमी पडल्या. आरोहीची आईही आली, मागे उभी राहिली.

वकील असलेले एक पालक म्हणाले, एकाच दुकानाची सक्ती करता येत नाही, रीतसर अर्ज करा. अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या. उद्या शिक्षण खात्यात देऊन पोच घेईन. पण अर्जाला कधी उत्तर येणार.

मग मी बोलले. ठरवून नव्हतं, निघून गेलं तोंडातून. शाळा उघडेल त्या दिवशी सगळ्या मुलींनी जुनाच घालायचा. सगळ्यांनी. किती जणींना बाहेर काढतात बघू.

मग आरोहीच्या आईने विचारलं, “तुमची ओवी घालणार?”

“सगळ्यांच्या पुढे असेल.”

ओवीला विचारलं नव्हतं मी.

३० मे

नि.च्या शर्टांमागे पिशवी. त्याच दुकानाची. आत मरून पिनाफोर, ओवीच्या मापाचा.

तो आंघोळीहून आला तेव्हा मी पिशवी टेबलावर ठेवून बसले होते.

“परत कर.”

“नाही करणार.”

“माझ्या घरात त्या माणसाची पिशवी…”

“सुजू, ती अकरा वर्षांची आहे. भांडण तुझं आहे. तू गेटवर उभी राहशील, पण आत तिलाच जायचंय.”

वाईट बोललो मग दोघं. सगळं लिहीत नाही. त्याने माझ्या आईला मध्ये आणलं, मी त्याच्या बहिणीला. ओवी स्वयंपाकघरात पाणी पीत होती. बाहेर येऊन म्हणाली, “मी अनघाताईकडे जाते,” आणि चप्पल घालून गेली.

पिशवी अजून कपाटात आहे. त्याने नेली नाही, मी फेकली नाही.

७ जून, रविवार

भाजीला गेले होते. वृ. शेजारी येऊन उभी. तिने भेंडी निवडायला घेतली, माझ्याच टोपलीतली.

“किती ताणणार आहेस? भाऊ बोलत नाही माझ्याशी. घरी आई रडते.”

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

मग ती म्हणाली, “हे बघ, यंदा सातवीतून ज्युनियर हाउस कॅप्टन निवडायचेत. ओवीचं नाव मी घालू शकते. हुशार आहे गं ती. तू फक्त ते पंधरा तारखेचं, शाळा उघडायच्या दिवसाचं, मागे घे.”

ओवी गेल्या वर्षभरापासून कॅप्टन कॅप्टन करते. वृ.ला माहीत असणार. तिची मुलगी त्याच वर्गात.

“वृषाली, तू माझ्या मुलीला सगळ्यांसमोर उभं केलंस.”

“म्हणून तर म्हणतेय ना. आता चांगल्यासाठी उभी राहील.”

भेंडी तिथेच टाकून आले. नाही म्हणून आले. निलेशला सांगितलं, तो नुसता मान हलवत राहिला. ओवीला सांगितलं नाही. सांगून काय, उगाच आस लागायची.

की नको म्हणेल याची खात्री नव्हती मला?

१४ जून, रविवार

सकाळपासून गळती. एकीच्या सासूबाईंना चालत नाही. एकीचा नवरा म्हणतो शाळेच्या डोळ्यांवर यायचं नाही. गॉगलवाल्या मॅडमनी ग्रुप सोडला, न बोलता. आरोहीच्या आईचा मेसेज मात्र एका शब्दाचा. ‘येतोय.’

संध्याकाळी दोन्ही पिनाफोर ओवीच्या पलंगावर ठेवले. निळा आणि मरून. तिच्या शेजारी बसले. म्हटलं, “तुला हवा तो घाल. मरून घातलास तरी मी काही बोलणार नाही.” हे म्हणायला मला फार वेळ लागला. नि. दारातच होता.

ओवी म्हणाली, “मला कॅप्टन करणार होते ना?”

वृ.च्या मुलीने सांगितलेलं. केव्हाच.

“तू मला विचारलं नाहीस आई.”

“तू हो म्हटलं असतंस?”

“हो.” मग निळ्याची घडी नीट करत म्हणाली, “हो म्हणायचं. बिल्ला घ्यायचा. आणि उद्या हाच घालून जायचं. मग काय केलं असतं त्यांनी?”

इतक्या शांतपणे म्हणाली. नि.ने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे.

हे तिला कोणी शिकवलं हे विचारायची गरज नव्हती.

१५ जून, सोमवार

शाळेसमोरच्या हॉटेलात बसून लिहितेय. ऑफिसला कळवलंय येत नाही म्हणून.

निळ्या मुली मला वाटल्या त्यापेक्षा जास्त आल्या. अर्ध्या नाहीत. पण मरूनमध्ये उठून दिसत होत्या. आरोही आणि तिची बहीण हातात हात घालून. वॉचमनने आत सोडलं, पण वर्गात नाही. निळ्या सगळ्या हॉलमध्ये. बाईंना मोठ्या बाईंनी बोलावलंय, निर्णय होईल, एवढंच सांगितलं. पालकांना आत घेतलं नाही.

ओवी सगळ्यांच्या पुढे चालत गेली. मी म्हटलं होतं तसंच. वळून बघितलं नाही तिने. हॉलच्या दारात वृ. उभी होती, संघाचा बिल्ला लावून. ओवी तिच्यासमोर थांबली, वर बघून काहीतरी बोलली आणि हसली. गेटवरून ऐकू आलं नाही. वृ.चा चेहरा मात्र दिसला. मला जो बघायचा होता फेब्रुवारीपासून, तोच.

मग हॉलचं दार लागलं.

आरोहीची आई माझ्यासमोर बसलीय. चहा तसाच आहे दोघींचा. तिने विचारलं, काय म्हणाली असेल हो तुमची मुलगी.

माहीत नाही म्हटलं.

नि.चे दोन मिस्ड कॉल. उचलून सांगू काय. वृ. आत आहे, ओवी आत आहे. मला धास्ती वाटतेय, पण कोणाबद्दल ते नक्की कळत नाही.