कंट्रोल नंबर एक

प्रिय मोठी माय,

आज आपल्या गावात होते. आमच्या अभ्यासाला ज्या बायकांनी रक्त दिलं होतं, त्यांना त्यात काय निघालं ते सांगायला अकोल्याहून गेले होते. सगळ्या आल्या, फक्त तू नव्हतीस. तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि पुतणीचं पहिलं पत्र तुला आत्ता येतंय. इतके दिवस लाज वाटत होती म्हणून लिहिलं नाही. आज ती जरा कमी झाली आहे.

लाज कशाची, ते सांगते. पण आधी जरा मागचं बोलू दे.

माझं काम काय, हे तुला समजावताना माझा किती घाम निघाला होता, आठवतं? शेवटी तुझ्याच स्वयंपाकघरात जमलं. म्हटलं, मांडणीवर भांडी सगळ्यांच्या घरी सारखीच असतात, पण आज खाली कोणती उतरली ते पाहिलं की घरात काय चाललंय ते कळतं. तशी शरीरात जीन्स असतात. फवारणीचं औषध अंगात गेलं की त्यातली कोणती कामाला लागतात, ते मी रक्तातून बघते. काही अशी आहेत, जी कॅन्सरच्या पेशंटमध्येही उतरलेली दिसतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष. तू भाकर थापता थापता म्हणालीस, "म्हंजे लोकाच्या घरात डोकावून पाह्यतो, असं म्हन ना सरळ."

बोंडअळीने सगळ्यांना रडवलं होतं ती वर्षं. आठ-आठ दिवसांनी फवारा, चक्कर येऊन पडलेली माणसं अमरावतीच्या दवाखान्यात, आणि पेपरात आपल्या भागाचं नाव आलं की काही तरी वाईटच. फवारणाऱ्या पुरुषांचं रक्त मला मिळालं. पण तुलनेला न फवारणारी माणसंही लागतात, त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. मी म्हटलं, यात काय अवघड आहे, त्यांच्याच बायका घेऊ. एकच घर, एकच जेवण, एकच पाणी. बायका सुईला भिऊन मागे सरकल्या तशी तू पदर खोचून समोर येऊन बसलीस. "घे व, मायं आंधी घे." म्हणून कंट्रोल नंबर एक तू झालीस.

आणि निकाल आला तो असा, की बायकांच्या रक्तातही तीच भांडी खाली उतरलेली! पीएचडीचे माझे सर म्हणाले, नळ्यांवरची लेबलं बदलली असतील. ती लेबलं मी माझ्या हाताने लावली होती. पुन्हा सगळं केलं, पुन्हा तेच. मग सर म्हणाले, ही सॅम्पलं बाद धरू. तीन वर्षांचं काम होतं ते, मोठी माय. पीएचडी बुडाली असं समजूनच मी गावी आले होते.

तू अंगणात दगडावर धुणं धूत होतीस आणि मी खाटेवर बसून रडगाणं लावलं होतं. तू विचारलंस, "कंट्रोल म्हंजे कोन?"

म्हटलं, ज्यांचा फवारणीशी काही संबंध नाही अशी माणसं. तू, कांता, रिझवानाभाभी.

तू टबातून मोठ्या बाबांचा फवारणीचा शर्ट वर उचललास. त्यातून पांढुरकं पाणी निथळत होतं आणि तो नाकात बसणारा वास. "मंग हे काय हाये? हे कोन धुते, तुये सर?"

याच घरात वाढले मी. माझे फ्रॉकही त्याच टबात भिजले. बाहेरगावचं कोणी असतं तर त्याने निदान विचारलं तरी असतं, की फवारणीचे कपडे कोण धुतं. मी विचारलं नाही, कारण ते काम आहे हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बायका धुतात, त्यात विचारायचं काय? सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मंजू, मीही नसतं विचारलं." भला माणूस आहे तो.

सॅम्पलं वाचली. अभ्यासच नवा झाला. खरे कंट्रोल शोधायला, म्हणजे जिथे फवारणीच नाही अशा मेळघाटच्या जंगलात, मी सेमाडोहला निघाले तर तूही हट्टाने सोबत. येताना परतवाड्याच्या एसटीत तू नळ्यांची बर्फाची पेटी मांडीवर धरून बसलीस आणि कंडक्टरने हटकलं तर म्हणालीस, "कुल्फी हाये. वितळली तं तुयं नाव सांगीन." वाघ दिसला नाही म्हणून माझ्याशी बोलेनास, जसा काही मीच तो लपवून ठेवला होता. ते दोन दिवस फार सुखाचे गेले गं.

पण त्यानंतरचं एक राहून गेलं. एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना तू सहज विचारलंस, "मायं रक्त काय म्हन्ते व?" मला तुझा निकाल तोंडपाठ होता. आणि मी म्हटलं, "काही नाही, ठीक आहे." तू "बरं" म्हणालीस. रक्त घेताना तुझा अंगठा-सही घेतलेल्या संमतीच्या फॉर्मवर ओळ होती, विचारल्यास आपला निकाल सांगितला जाईल. तिचं मराठी मीच केलं होतं. तू चिडली का नाहीस? मी टाळतेय हे तुला कळलं होतं ना?

तर आता सांगते. विष बाहेर काढणारी भांडी तुझ्या रक्तात सगळ्या बायकांपेक्षा जास्त उतरली होती, जवळपास मोठ्या बाबांइतकी. मोडतोड दुरुस्त करणारीही. याचा अर्थ तुला कॅन्सर होणार होता असा नाही. कोणाला होईल, कोणाला नाही, हे आम्हाला अजून सांगताच येत नाही. तू हार्टने गेलीस आणि त्याचा याच्याशी संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. एवढंच होतं. इतकी शिकून "सांगता येत नाही" म्हणायची मला लाज वाटली.

आज समाजमंदिरात सगळ्यांचं मिळून सांगितलं. वेगळा टब, हातमोजे, आणि ज्याचे कपडे त्याने आधी खळबळून काढायचे. पुरुष मागे भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते. मोठे बाबा म्हणाले, "मी तं दोन वर्सापासून माये कपडे मीच धुऊन राहिलो." बायका हसल्या.

तेवढ्यात रिझवानाभाभी उठली. "सबका हो गया. मेरा बोल. सच्ची बोल."

"ठीक आहे" अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला बाहेर ओट्यावर घेऊन गेले, कागद काढला, जे निघालं ते सांगितलं आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हटलं. "पता नई, इतना बोलने को इतने साल?" असं म्हणून तिने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. मग एकेक करत ओटा भरला. पोटभर जेवल्यासारखं वाटलं मला.

शेवटची गाडी होती म्हणून निघावं लागलं. सात जणी राहिल्यात. शनिवारी परत जातेय. प्रत्येकीचं तिला एकटीला, तिच्या तोंडाकडे बघून सांगेन. तुझं राहिलं तसं आता एकीचंही राहू देणार नाही, मोठी माय, हा माझा शब्द.

तुझीच,
मंजू