नकली इंग्लंडातली आंघोळ

आदरणीय तोमिएताईस,

धाकट्या हारुयोचा वाकून नमस्कार. आमच्याकडे डोंगर लाल झालेत. तुमच्या आकितात एव्हाना लोणच्याचे मुळे धुरावर टांगून झाले असतील. गुडघा कसा आहे? (खरं सांग. मागच्या पत्रात 'बरा आहे' लिहिलंस आणि भाच्याकडून कळलं, की तू जिना बसून उतरतेस.)

सायोकोचे दिवस भरत आलेत, हे तुला ठाऊकच आहे. तिकडे इंग्लंडात जावई चांगला, दवाखाना चांगला, तरी 'आई, तू ये' हा धोशा काही सुटत नाही. मी जाऊन काय करणार? माझा जन्म लॉन्ड्रीत गेला, आणि इंग्रजी शाळेत शिकले ते शाळेतच ठेवून आले. पण शेजारच्या कावाकामीबाई (रेडिओवर इंग्रजी शिकतात आणि सगळ्या आळीला शिकवतात) म्हणाल्या, "अहो, विमानात बसण्याआधी डोंगरावरच्या इंग्लंडात राहून बघा की! जमलं तर जा, नाही तर गप्प घरी बसा." मला पटलं. म्हटलं, तिथे निभावलं तर सायोकोकडे जायचं, नाही तर विषय बंद.

तर हे डोंगरावरचं इंग्लंड म्हणजे इंग्रजीच्या सरावासाठी बांधलेलं हॉटेल: दगडी हवेली, धुराडी, लाल टपालपेटी, आणि फाटकातून आत शिरलं की जपानी बंद. स्वागताला बसलेली पोरगी चेहऱ्यावरून शेजारच्याच गावची, पण मी "पोरी, संडास कुठे?" विचारलं तर इंग्रजीतून हसत राहिली. फुलाफुलांच्या गालिच्यावरून बूट घालून चालायचं! मी चवड्यांवर चालले, तर बरोबर आलेल्या कावाकामीबाई म्हणतात, "सरळ चाला हो, चोर वाटता." न्याहारीला गोड टोमॅटोच्या रसातल्या शेंगदाण्याएवढे घेवड्याचे दाणे. आणि चहात दूध, ताई! चांगल्या चहात दूध! शहाणं माणूस असं कधी करील का? मी दोन्ही हातांनी कप धरला, डोळे मिटले आणि सायोकोसाठी प्याले.

संध्याकाळी आंघोळीला गेले. मोठा पांढरा टब, पण बाहेर बसायला ना स्टूल, ना बादली. म्हटलं, विसरले असतील. आता टबात उतरण्याआधी माणूस बाहेर बसून स्वच्छ होतोच ना? मी दात घासायच्या पेल्याने टबातलं पाणी काढलं, साबण लावला आणि मनसोक्त अंग धुतलं. केसही धुतले. फरशीला पाणी जायला भोकच नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पाणी दाराखालून गुलाबाच्या गालिच्यावर गेलेलं होतं. मग खालून कोणीतरी ओरडलं. (खाली चहाची खोली होती. कावाकामीबाई तिथे बसून केक खात होत्या. तो ओला झाला.)

मी अंगाला टॉवेल गुंडाळतेय तोवर खोल्यांची देखरेख करणारी ग्लेनिस नावाची गोरी बाई धावत आली, आणि ओल्या फरशीवर पाय सटकून धप्पकन बसली. पाय धरून कळवळायला लागली. ताई, त्या क्षणी माझ्या तोंडून इंग्रजी बाहेर पडलं! पण येत काय होतं मला? सायोकोच्या बाळंतपणासाठी पाठ केलेली वाक्यं, तेवढीच. मी तिचा हात धरून म्हटलं, "कुठे दुखतं? हळू श्वास घे. घाबरू नकोस. मी आई आहे."

ती इतकी हसली, की तिला खरंच श्वास घ्यावा लागला. आणि नियम-बियम खुंटीला टांगून ती चक्क इथल्या, आइझूकडच्या खेडवळ जपानी बोलीत म्हणाली, "आगं बया, काय गं ह्ये तळं! कुनाची आई तू?"

तिचा नवरा तिथलाच शेतकरी निघाला. पहिल्या बाळंतपणाला तिची आई वेल्सहून आली होती, जपानीचा एक शब्द न येता. मी विचारलं, मग काय केलं तिनं? "काय करनार? माझ्या सासूवर आपल्याच भाषेत खेकसली, नवऱ्याला पळवलं, मला खाऊ घातलं. सासूला समदं समजलं बघ!"

मी तिचा पाय ओल्या पट्टीने बांधला. तिने गालिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

असो. आता माझा निर्णय ऐक. जिने नकली इंग्लंड बुडवलं, तिला खऱ्यात सोडणं बरोबर नाही. ग्लेनिसबाई काहीही म्हणो, तिच्या आईची हिंमत माझ्यात नाही. सायोकोला आज फोन करून 'येत नाही' सांगणार आहे. तूही तिची समजूत काढ.

गुडघ्याला ऊब दे.

तुझी,
हारुयो

ता. क. सायोकोला फोन केला. 'येत नाही, माझं इंग्रजी कामाचं नाही,' म्हटलं. तर ती रडत म्हणाली, "आई, मला इंग्रजी बोलणारे पुष्कळ आहेत. सगळे इतकं गोड बोलतात. माझ्यावर खेकसायला कोणीच नाही गं." तिकीट काढलंय.

पुन्हा ता. क. म्हणजे खरं काम राहिलंच. आपल्या आईचं, तांदळाच्या कोंड्यात मुरणाऱ्या लोणच्याचं मडकं तुझ्याकडे आणून ठेवते. वसंतापर्यंत रोज हात घालून तळापासून ढवळ, एक दिवसही चुकवू नकोस, नाही तर आंबेल. आणि ढवळताना त्याला थोडं रागव. आईची सवय आहे त्याला.