दुसऱ्या दाराची खोली

प्रिय ताई,

पत्राच्या आरंभी कुशल विचारावं असा संकेत आहे, पण आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. गेल्या आठवड्यात एका नव्या सभागृहाची पाहणी करायला गेलो होतो. तिथे प्रत्येक खुर्चीच्या हाताला एक गोल भोक पाडलंय. कशासाठी, तर पेला ठेवायला! मी त्याचं 'चषकविवर' असं नामकरण केलं, आणि ते व्यवस्थापकाला इतकं आवडलं की तो तशी पाटीच करून लावणार होता. कसाबसा आवरला. पण ताई, हा मनुष्यजातीवर घाला आहे. सभेत कंटाळलेल्या माणसाला आजवर हातातल्या कपाचा केवढा आधार होता! भाषण लांबलं की कपात डोकवावं, तळाशी काही उरलंय का बघावं, पुन्हा कप फिरवावा. आता पेला भोकात आणि हात मोकळे. तिथे एक सभा चालू होती, तर लोक भलत्याच जागी टाळ्या वाजवत होते. वक्त्याने आपले गुरू वारल्याचं सांगितलं तेव्हा तर कडकडाट झाला. इति तक्रारखंड.

तू म्हणशील, याचं खुर्चीपुराण सुरू झालं. बाबांनी आपल्या दोघांकडून शब्दरूपं घोकून घेतली, त्यातली तू शाळेत शिकवायला लागलीस आणि मी सभा-संमेलनांना जागा शोधून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत येऊन पडलो. 'खुर्च्या मांडणारा पंडित' ही तू दिलेली पदवी मी अजून मिरवतो. ऑफिसात तर आता मला 'पंडित'च म्हणतात. गिऱ्हाइकं म्हणतात, "पंडित, भाषणाचं आम्ही बघतो, तुम्ही खोलीचं बघा." त्यांना वाटतं खोली म्हणजे चार भिंती आणि माइक. पण वक्त्याच्या पाठीमागे खिडकी असली की त्याचा चेहरा काळोखात जातो, आणि मग तो कितीही खरं बोलला तरी लोकांना तो काहीतरी लपवतोय असं वाटतं. लांबलचक टेबल मांडलं की मधली माणसं दिवसभर तोंड उघडत नाहीत. एसी जास्त थंड केला की वादाचे ठराव पटापट मंजूर होतात. विरोध करायला उठावं लागतं, आणि अंगाशी घट्ट धरलेले हात कोणाला सोडवत नाहीत. काही चाणाक्ष अध्यक्ष हे जाणून असतात. मी नावं घेत नाही, तशीही तुला ती कळायची नाहीत.

सगळ्यात अवघड काम म्हणजे मोठ्या जागेत थोडी माणसं. मागे एका मुख्याध्यापिकेचा निरोपसमारंभ होता. बाई तुझ्यासारख्याच, आवाजाने छप्पर हलवणाऱ्या. हॉल भला मोठा घेतला होता आणि येणारी माणसं मोजकीच आहेत हे मला सकाळीच दिसलं. अशा जागी आलेला प्रत्येक जण दारातच थबकतो, आपण चुकीच्या दिवशी आलो की काय म्हणून. मग एकेकटा लांब लांब बसतो. मी निम्म्याहून जास्त खुर्च्या काढून टाकल्या, मागचा पडदा पुढे ओढून घेतला. झालं, काही माणसांना उभं राहावं लागलं, कोणी कोणाला सरकायला सांगितलं, हशा झाला. बाई डोळे पुसत मला म्हणाल्या, "अहो, मावली नाहीत हो माणसं!" मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "मोठा हॉल घ्यायला हवा होता, आमचं चुकलंच."

हाच उपाय मी घरी केला आहे, हे तुला सांगायचं राहून गेलं. ही गेली त्यानंतर जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्या तशाच होत्या. रोज सभा रद्द झाल्यासारखं वाटायचं. एक ठेवून बाकीच्या माळ्यावर टाकल्या. माणसं वाढवणं आपल्या हातात नसतं, खुर्च्या कमी करणं असतं. ओरडू नकोस. तू आलीस की काढीन ना खाली.

हिचं कळलं तो दिवस तुला आठवतोच. इस्पितळाच्या व्हरांड्यात, लिफ्टपाशी. डॉक्टर बोलत होते आणि लिफ्ट मध्येच उघडत होती, आतली माणसं आपल्याकडे बघत होती. कोणीतरी "वर जातेय का खाली?" असं विचारलं आणि मी त्याला "वर" म्हणून सांगितलंसुद्धा. तू माझ्या शर्टाची बाही घट्ट धरून उभी होतीस. इतकी घट्ट, की शिवण उसवली. नंतर तूच शिवून दिलीस आणि कापड हलकं म्हणून मलाच बोललीस.

वर्षभराने त्याच इस्पितळाने आमच्या कंपनीला बोलावलं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये वाईट बातमी सांगितली की नातेवाईक आरडाओरडा करतात, काहीतरी करा म्हणाले. ते काम मी मागून घेतलं. व्हरांड्याच्या टोकाला एक अडगळीची खोली होती, ती निवडली. घड्याळ लावू दिलं नाही. डॉक्टरांच्या आणि लोकांच्या मध्ये टेबल नको म्हणालो. सोफा बुटका आणि मऊ घेतला, त्यातून माणसाला ताडकन उठता येत नाही. कागदी रुमालांचा डबा हात पोचेल असा, पण नजरेसमोर नाही. आणि एक दुसरं दार पाडून घेतलं, मागच्या बागेत उघडणारं, म्हणजे रडलेल्या माणसाला पुन्हा बाहेरच्या गर्दीतून जावं लागू नये. त्या दाराच्या खर्चावरून पुष्कळ वाद झाला. मी हटलो नाही. ताई, आयुष्यात मी जेवढ्या खोल्या लावल्या, त्यात तीच एक मनासारखी झाली.

आता बातमी. दोन महिने माझं पोट ठीक नाही. तपासण्या झाल्या, आतला एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आजवर डॉक्टर मला त्यांच्या केबिनमध्येच भेटत आले, टेबलापलीकडून, एक डोळा कॉम्प्युटरवर ठेवून. काल इस्पितळातून फोन आला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "काका, गुरुवारी सकाळी या. केबिनमध्ये नाही हं, व्हरांड्याच्या टोकाला खोली आहे ना, तिथे. आणि बरोबर कोण येणार आहे?" मी विचारलं, केबिनला रंग लावताय का? त्या म्हणाल्या, "नाही हो काका." मग मी सांगितलं, बहीण येणार आहे. तोंडातून निघून गेलं.

काल संध्याकाळी पाय तिकडेच वळले. खोली उघडीच होती, आत कोणी नव्हतं. जरा बसून बघितलं. सगळं जिथल्या तिथे आहे, चांगलं ठेवलंय. फक्त सोफा फार रुंद आहे. तेव्हा दोघांतिघांचा हिशेब धरला होता; एकटं कोणी येईल हे माझ्या मनातच आलं नाही. कसं येणार? मी व्हरांड्यात उभा होतो तेव्हा तू होतीस.

फोनवर तू "बरा आहेस ना रे?" म्हणतेस आणि विचार करायच्या आत माझ्या तोंडून "ठणठणीत" निघतं, म्हणून हे लिहून पाठवतो आहे. तुझे गुडघे, तो रात्रभराचा प्रवास, नातवाची परीक्षा, सगळं मला माहीत आहे, आणि तरीही बुधवारी गाडीत बसशील का, हे विचारायला हे पत्र आहे. रोगाचं काय ते डॉक्टर बघतील. त्याची काळजी नाही असं नाही, पण झोप उडाली आहे ती त्याने नाही. त्या खोलीत एकट्याने बसून ऐकायची मला भीती वाटते.

तुझाच,
धाकटा