फडक्यातलं बेअरिंग

आबा, दुकान ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण पंप उचलून टेबलावर ठेवण्याइतकी ताकद आहे अजून. बाकी किरकोळ.

हा शब्द लिहिला आणि हात थांबला. याच शब्दावरून तुम्ही मला एकदा भरल्या ताटावरून उठवलं होतं. महाडातलं पुराचं पाणी ओसरून आठवडा झाला होता. चिखल भरलेल्या पंपांच्या मोटारी आपल्या ओट्यावर रांगेनं पडलेल्या, आणि अक्षर बरं म्हणून बिलं लिहायचं काम माझ्याकडे. वायर, वॉर्निश, मजुरी असं लिहून झालं की आकडा गोल करायला मी शेवटी 'किरकोळ' टाकायचे. बाजारात सगळेच टाकत होते. जेवता जेवता तुमची नजर त्या बिलांवर गेली. "किरकोळ कुठल्या डब्यात असतं गो? ऊठ, दाव मला." मी रडकुंडीला आले. "डब्यात नाय ना? मग बिलात कशाला हाय? लोकांचं आधीच वाहून गेलंय." आई म्हणाली, पोरीला घास तरी गिळू द्या. पण सगळी बिलं पुन्हा लिहून होईपर्यंत तुम्हीही जेवला नाहीत.

तुमची दुसरी सवय म्हणजे बदललेला जुना भाग फडक्यात बांधून बिलाबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. मला हसू यायचं, गंजकं लोखंड घेऊन लोक करणार काय? "टाकू दे उकिरड्यावर. पण बदललंय ते त्याला दिसलं पायजे," तुम्ही म्हणायचात. पाचाडपासून पोलादपूरपर्यंत आपलं दुकान फडकंवाल्यांचं म्हणून ओळखलं जातं, अजूनही. आता बिल मशीनमधून छापून येतं, एकेका वस्तूची वेगळी ओळ असते त्यावर. फडकं मात्र मी बांधतेच.

गेल्या महिन्यात हिरकणीवाडीहून एक बाई पंप घेऊन आली. गड बघायला येणाऱ्यांसाठी ती जेवण करते. दोन दिवस हंड्यानं पाणी वाहून तिचे खांदे भरून आले होते आणि दुसऱ्याच दिवशी शनिवार, गर्दीचा. आतला आवाज ऐकायला मी तुमच्यासारखा स्क्रूड्रायव्हर चालू मोटारीला टेकवून कानाशी धरला आणि ऐटीत सांगितलं, दोन्ही बेअरिंग गेलीत. बिलही काढून ठेवलं. ती बाजारात गेल्यावर पंप उघडला, तर एकच गेलं होतं. दुसरं लोण्यासारखं फिरत होतं.

बिल फाडून नवं काढायला एक मिनिट लागलं असतं. पण तिच्यासमोर मला चुकायचं नव्हतं, आबा. लोक म्हणतात ना, पोरीचा कान बापासारखाच आहे. मी चांगलं बेअरिंग होतं तिथेच ठेवलं आणि पैसे दोन्हींचे घेतले. फडक्यात दोन जुनी बेअरिंग हवीत, म्हणून एक तिचं ठेवलं आणि दुसरं भंगाराच्या डब्यातून उचललं.

तिनं फडकं उघडलंसुद्धा नाही. "मी बघत नाय ताई. सासू बोलते, इथं बघायची गरज नाय."

परवा तिचा फोन आला, पंप मस्त चाललाय, एकदा जेवायला या. सुधारलेलं बिल आणि जास्तीचे पैसे पाकिटात घालून मी निघाले आणि पाचाडच्या फाट्यावरून परत आले. पंप उघडल्यावर बिल बदललं असतं तर चूक कानाची ठरली असती. आता ती माझी आहे, आणि ते तोंडानं सांगायला लागेल.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. हा कागद कुठे पाठवणार, त्याच पाकिटात घालून ठेवते. वर 'बाकी किरकोळ' लिहिलंय, ते कुठल्या डब्यात असतं हे या वेळी दाखवता येईल मला. भंगाराच्या डब्यात एक बेअरिंग कमी आहे.