आठ बाय सहा बटणांची खोली

उरण, रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. कोकिळाताईस,
सा. न. वि. वि.

वसतिगृहात सिस्टर दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायच्या, ती सवय अजून सुटलेली नाही. फोनवर तू सगळं ठीक म्हणून ठेवून देतेस, तेव्हा पत्रच बरं. तू विहिरीपाशी पडलीस हे मला जीवनने कळवलं. काकी घसरल्या, पन मी सांगितलं म्हनून बोलू नका, असंही म्हणाला. तुझी वाडी तो नीट बघतो. मग मागच्या वर्षी विचारलं तेच पुन्हा विचारते: इकडे राहायला ये. मीही एकटी, तूही एकटी.

बाकी, माळ्यावरून हर्षदची प्लास्टिकच्या विटांची पेटी काढली. मुलगा जर्मनीत, विटा उरणला. फावल्या वेळात दुमजली घर उभं केलं. बाहेरून झोकदार दिसतं, आतल्या खोल्या आखायच्या राहिल्यात. विटांवर गोल बटणं असतात, तीच मोजून माप धरायचं. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. नकाशा सोबत आहे. चुका काढ.

लोभ आहे हे ठाऊक आहे. या खेपेला तो दोन पानं भरून यावा.
तुझी,
क्रांती


दिवेआगर, ९ नोव्हेंबर

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

मी पडले नाही, बसले. जीवनला तिखटमीठ लावायची सवय आहे. अंगणात सुपारी वाळत घातली आहे, वादळानंतर लावलेली झाडं आत्ता कुठे धरू लागली आहेत. आणि तुझ्याकडे आले तरी पाहुणीच. पाहुणीने किती दिवस बसायचं? तो विषय नको.

नकाशा पाहिला. तीस वर्षं मुलांना भूमिती शिकवलीस आणि दुमजली घराला जिना ठेवला नाहीस! वरची माणसं शिडी लावून चढणार का? न्हाणीघरही नाही. आपल्या वसतिगृहात ते व्हरांड्याच्या पार टोकाला होतं. थंडीत तिथवर जाताना तू माझा हात सोडत नसायचीस. एवढ्यात विसरलीस?

तब्येतीला जप, विटा जमिनीवर पसरू नकोस, पायाला टोचतात.
तुझी,
ताई


उरण, १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिना घातला. त्याने वरची एक खोली खाल्ली. न्हाणीघर तळमजल्यावर केलं.

पेटीच्या तळाशी एक बाई सापडली, अंबाडा घातलेली. तिचे पाय कमरेत वाकतात, गुडघ्यात नाही. जिन्यावर उभी केली तर आडवी झाली. मी विचारलं, तर म्हणाली, पडले नाही, बसले.

तेव्हा तिच्यासाठी बैठक मोडली. तशीही बैठकीला येतंय कोण? तिथे आठ बाय सहा बटणांची खोली झाली, न्हाणीघराला लागून. खाट खिडकीशी लावली. वसतिगृहात खिडकीजवळची खाट तुझी होती, ताई. मी रडले म्हणून ती मला दिलीस आणि सहा वर्षं दाराशी झोपलीस. मी कधी परत केली नाही.

माझ्या घरातली पुढची खोलीही रिकामी केली आहे. पण तो विषय तुला नको आहे.

रागावलीस तरी लिहिणं थांबवू नकोस.
तुझी,
क्रांती


दिवेआगर, २३ नोव्हेंबर

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ शाळेत होती तशीच आहे. आता त्या बाईचं ऐक.

न्हाणीघराला उंबरा नको. बाईला स्वतःची शेगडी हवी. सकाळचा चहा ती तुझ्या हातचा पिणार नाही, तू त्याचा पाक करतेस. दारासमोर सुपारी वाळवायला जागा हवी, चार बटणं पुरतील. पावसाआधी महिनाभर ती आपल्या वाडीवर जाईल, कुणी अडवायचं नाही. आणि तिला दाराची वेगळी चावी हवी. पाहुणीला कुणी चावी देत नाही.

एवढं बसतं का बघ. नसेल बसत तर राहू दे, बाई जिथे आहे तिथे बरी आहे.
तुझी,
ताई


उरण, ३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं बसलं. शेगडीसाठी माझ्या स्वयंपाकघराची दोन बटणं कापली. चावीचं मात्र जमेना, विटांच्या घराला कुलूपच नाही. म्हणून माझ्या पुढच्या दाराची करून घेतली. याच पाकिटात आहे, स्पीड पोस्टने पाठवते आहे.

जास्त काय लिहू?
तुझी,
क्रांती


दिवेआगर, ७ डिसेंबर

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

चावी मिळाली. जीवनला वाडीचं सगळं समजावून सांगितलं. पुढच्या रविवारी तो मला गाडीने आणून सोडेल. तुझ्या दाराला तेल घालून ठेव, मी माझ्या हाताने उघडणार आहे.

खाट खिडकीशीच असू दे. फक्त दार दिसेल अशी लाव. सहा वर्षांची सवय आहे.

तुझी,
ताई